मार्च मॅडनेसचे स्क्वेअर्स: शंभर बॉक्स, दहा चिठ्ठ्या आणि चोख हिशोब

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ऑफिसमध्ये दरवर्षी मार्च मॅडनेसचे (म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या मोठ्या स्पर्धेचे) स्क्वेअर्स चालवणारा माणूस नोकरी सोडून गेला, तो तक्ता आता तुमच्या गळ्यात पडलाय, चाळीस एक लोक आहेत, बास्केटबॉल तुम्ही कधी धड बघितलेला नाही आणि बॉक्स विकायचे कसे, आकडे कधी टाकायचे, पैसे कसे वाटायचे यातलं काहीच कळत नाहीये. मी ओहायोत कोलंबसला राहतो, २०१४ पासून हा खेळ चालवतोय, आधी ऑफिसात आणि नंतर इथल्या आपल्या मराठी मित्रमंडळींच्या ग्रुपमध्ये, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, ती म्हणजे यासाठी बास्केटबॉल कळावं लागतं. अजिबात नाही. ब्रॅकेटला कळावं लागतं, तिथे ६३ मॅचेस कोण जिंकणार ते आधीच भरून द्यायचं असतं आणि शुक्रवार रात्रीपर्यंत निम्म्या लोकांचे ब्रॅकेट फाटलेले असतात, मग पुढचे दोन आठवडे त्यांना कशातच रस उरत नाही. स्क्वेअर्सचं तसं नाही, तुमचा बॉक्स पहिल्या गुरुवारी दुपारी जितका जिवंत असतो तितकाच फायनलच्या रात्री पण असतो. म्हणूनच ज्यांनी आयुष्यभर फक्त क्रिकेट बघितलं अशा आमच्या ग्रुपमधल्या काकू सुद्धा एप्रिलपर्यंत स्कोअर विचारत असतात.

खेळ असा. दहा उभ्या दहा आडव्या ओळींचा तक्ता, शंभर बॉक्स. वरच्या बाजूला ० ते ९ आकडे, ते जिंकणाऱ्या टीमचे. डाव्या बाजूला ० ते ९, ते हरणाऱ्या टीमचे. मॅच संपली की दोन्ही स्कोअरचा फक्त शेवटचा आकडा घ्यायचा आणि जिथे ओळी मिळतात त्या बॉक्सवाल्याला पैसे. २०१६ ची फायनल घ्या, व्हिलानोव्हा ७७, नॉर्थ कॅरोलायना ७४. वर ७ शोधा, डावीकडे ४ शोधा, तो बॉक्स लागला. संपलं. टीम कुठली याच्याशी काही देणंघेणं नाही.

पण इथेच पहिलं भांडण होतं बघा. ज्याच्याकडे वर ४ आणि डावीकडे ७ असा बॉक्स आहे तो येऊन म्हणणार की सात-चार माझा आहे. त्याचं चूक नसतं, तक्त्यावर लिहिलेलंच नसतं कुठली बाजू कोणाची. तेव्हा वरच्या बाजूला ठळक ‘जिंकणारी टीम’ आणि डावीकडे ‘हरणारी टीम’ हे आकडे टाकायच्या आधी लिहा, आणि खाली एक उदाहरण सोडवून दाखवा. मी दरवर्षी तेच ७७-७४ चं उदाहरण टाकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, माझ्या मते बाकी काही चुकलं तरी चालेल पण हा नको चुकायला. आकडे बॉक्स विकून झाल्यावरच टाकायचे आणि सगळ्यांच्या समोर टाकायचे. विकताना तक्ता कोरा पाहिजे, नुसती नावं, कडेला एकही आकडा नाही. सगळे बॉक्स गेले, पैसे आले, मग चिठ्ठ्या.

हे मी का इतकं ठासून सांगतोय ते सांगतो. पहिल्या वर्षी मी आधीच सांगून बसलो की हजार डॉलर वाटणार, दहा डॉलरचा बॉक्स, शंभर बॉक्स, हिशोब सोपा. बुधवार संध्याकाळ आली तरी बारा बॉक्स उरलेले. शब्द दिला होता म्हणून ते बारा मीच घेतले, एकशेवीस डॉलर खिशातून, वरून माझे आधीचे दोन होतेच. मग रात्री घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी एकट्यानेच चिठ्ठ्या काढल्या, आकडे लिहिले आणि सकाळी तक्ता भिंतीवर लावला. गुरुवार-शुक्रवारच्या ३२ मॅचेसमध्ये माझे बॉक्स पाच वेळा लागले. शंभरातले चौदा माझे, तेव्हा पाच वेळा लागणं यात खरं तर काहीच विशेष नाही, पण हे कोणाला आणि कसं समजावणार? तोंडावर कोणी काही बोललं नाही. फक्त सोमवारी कॉफी मशीनपाशी मी गेलो की बोलणं थांबायचं, आणि पुढच्या वर्षी निम्म्या लोकांनी ‘या वेळी नको’ म्हणून सांगितलं. मला ते फार लागलं होतं. पैसे मी खाल्ले नव्हते पण तसं वाटायला जागा मीच ठेवली होती.

तेव्हापासून मी आपली भिशीची पद्धत धरली. भिशीत कसं सगळ्या बायका समोर बसलेल्या असतात, डब्यात चिठ्ठ्या आणि घरातलं एखादं लहान पोर चिठ्ठी उचलतं, तसंच. ० ते ९ च्या दहा चिठ्ठ्या, सारख्या मापाच्या, सारख्या घडीच्या. एकेक उचलायची, मोठ्याने वाचायची आणि वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे लिहित जायचं. दहा झाल्या की परत सगळ्या डब्यात, हलवायचं आणि डावी बाजू वरून खाली. चिठ्ठी उचलणाऱ्याचा स्वतःचा बॉक्स नसावा. आम्ही व्हिडिओ कॉलवर करतो, एका घरातलं सात-आठ वर्षांचं कोणीतरी बसतं उचलायला, आणि शेवटचा आकडा लिहिला की त्याच मिनिटाला तक्त्याचा फोटो ग्रुपवर. तो फोटो म्हणजे आपलं खरेदीखत समजा. नंतर तक्त्याला हात लावायचा नाही, स्पेलिंग चुकलं असलं तरी नाही.

नावांवरून आठवलं, नावं पूर्ण लिहून घ्या. आमच्याकडे तीन अमित आणि दोन प्रसाद के. आहेत, एक कुलकर्णी, एक केळकर, आणि एका वर्षी ‘प्रसाद के.’ असा एक बॉक्स लागला तेव्हा तो नेमका कोणाचा हे ठरवायला जुने मेसेज धुंडाळत बसलो होतो.

पैशांकडे येऊ. मुख्य स्पर्धेच्या मॅचेस ६३: पहिल्या फेरीत ३२, मग १६, ८, ४, २ आणि १. टीम २०११ पासून ६८ आहेत, त्यामुळे त्याच्या आधी मंगळवार-बुधवारी ‘फर्स्ट फोर’च्या चार मॅचेस होतात, डेटनला. त्या धरल्या तर ६७. डेटन माझ्यापासून सव्वा-दीड तासावर आहे, मी त्या मॅचेस तिथल्या अरीनात जाऊन बघितल्यात, वातावरण सुंदर असतं, पण स्क्वेअर्समध्ये मी त्या धरत नाही. कारण सरळ आहे, बुधवार संध्याकाळपर्यंत मला बॉक्स विकायचे असतात. तुम्ही धरा किंवा धरू नका, फक्त आधी लिहून टाका.

हजार डॉलरचं माझं वाटप असं असतं: पहिल्या फेरीत दर मॅचला १०, दुसरीत १२, स्वीट सिक्स्टीनला (शेवटच्या १६ टीम) २०, एलिट एटला (शेवटच्या ८) ३०, सेमीफायनलला ५०-५० आणि उरलेले १०८ फायनलला. ३२० अधिक १९२ अधिक १६० अधिक १२० अधिक १०० अधिक १०८, बरोब्बर हजार. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे पहिल्या चार दिवसांतच वाटले जातात. बरेच लोक दर फेरीला रक्कम दुप्पट करतात, त्यात प्रत्येक फेरीला सारखाच वाटा जातो आणि फायनलच्या एका बॉक्सला एकूण पैशांचा सहावा हिस्सा मिळतो. कागदावर ते छान दिसतं, मला नाही आवडत. त्याचं कारण गणितात आहे. सगळे बॉक्स सारखे धरले तर एका मॅचमध्ये तुमचा बॉक्स न लागायची शक्यता ९९ टक्के, ६३ मॅचेसमध्ये एकदाही न लागायची शक्यता साधारण ५३ टक्के. म्हणजे एकच बॉक्स घेणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक तीन आठवडे बसून कोरडेच घरी जाणार. तेच एकाकडे तीन बॉक्स असले तर कोरडं जायची शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून बॉक्स स्वस्त ठेवा, माणशी दोन-तीन जाऊ देत, आणि जास्तीत जास्त लोकांना एकदा तरी दहा डॉलरचं पाकीट हातात पडू दे. ज्याला गुरुवारी दहा डॉलर मिळाले तो शनिवारी मॅच लावून बसतो, आणि तीच तर मजा आहे या सगळ्याची.

चाळीस लोक असतील तर माणशी चार बॉक्सची मर्यादा घाला, नाहीतर एखादा उत्साही माणूस वीस घेऊन टाकतो आणि मग बाकीच्यांना ते त्याचंच वाटायला लागतं. आणि माझी चूक करू नका, रकमा आधी जाहीर करू नका. टक्के जाहीर करा. पहिल्या फेरीच्या मॅचला एक टक्का, फायनलला १०.८ टक्के असं. बॉक्स ९२ च गेले तर ९२० वर टक्के लावायचे. आणि न विकलेला बॉक्स लागला तर त्याचे पैसे फायनलमध्ये जमा, हे पण लिहून.

आता लोक तुम्हाला विचारतील की कुठला आकडा चांगला. अमेरिकन फुटबॉलच्या स्क्वेअर्समध्ये, म्हणजे सुपर बोलला, हा प्रश्न बरोबर असतो, तिथे पॉइंट बहुतेक तीन-तीन किंवा सात-सातने वाढतात म्हणून ०, ३, ७ वाले खुश आणि २, ५ वाले रडत असतात. बास्केटबॉलमध्ये एक, दोन, तीन अशा बास्केट पडत जातात, स्कोअर साठ-सत्तर-ऐंशीपर्यंत जातो, शेवटचा आकडा चांगला घुसळून निघतो. तरी एक गोष्ट खरी आहे. वर आणि डावीकडे सारखाच आकडा असलेले दहा बॉक्स, ०-०, १-१ ते ९-९, हे थोडे कमी लागतात. टाय तर होतच नाही, त्यामुळे तो बॉक्स लागायला फरक नेमका १०, २० किंवा ३० चा पडावा लागतो. एक ते नऊच्या फरकाची कुठलीच मॅच त्यांना उपयोगाची नाही, आणि चुरशीच्या मॅचेस सगळ्या तिथेच असतात. २०१६ ते २०२५ मधल्या फायनल काढून बघा, २०१६ च्या ७-४ नंतर शेवटचे आकडे १-५, ९-२, ५-७, ६-०, २-९, ६-९, ५-०, ५-३. एकही जोडी नाही. (२०२० ला स्पर्धाच झाली नाही, त्यावर येतो पुढे.)

पण म्हणून त्या बॉक्सवाल्याला कोणी हिणवू नये. १६ मार्च २०१८, व्हर्जिनिया पहिलं सीड (गटातलं सगळ्यात वरचं मानांकन), समोर यूएमबीसी सोळावं सीड (सगळ्यात खालचं), पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला कधीच हरवलेलं नव्हतं. यूएमबीसी जिंकली, ७४-५४. चार-चार! आमच्या ग्रुपमध्ये ४-४ एका वहिनींकडे होता, त्या बुधवारपासून ‘माझंच नशीब फुटकं’ म्हणत होत्या, आणि ज्या रात्री सगळ्या अमेरिकेचे ब्रॅकेट फाटले त्या रात्री त्यांच्या नावाचं पाकीट तयार झालं.

यावर एक उपाय मी नंतर आणला, आकडे तीनदा काढायचे, पहिल्या वीकेंडला एकदा, दुसऱ्याला एकदा आणि फायनल फोरला (सेमीफायनल आणि फायनलला) एकदा. नावं तीच राहतात, आकडे बदलतात, म्हणजे कोणी तीन आठवडे एकाच वाईट बॉक्समध्ये अडकून राहत नाही. लोकांना आवडलं. पण तुम्ही पहिल्या वर्षी हे करू नका, एकदाच आकडे काढा, नाहीतर कुठल्या मॅचला कुठली ओळ लागू यातच तुमचा जीव जाईल.

नियमांत काही बारीक गोष्टी आधीच लिहून ठेवाव्या लागतात. स्कोअर म्हणजे ओव्हरटाइम (बरोबरी झाली तर मिळणारा जादा वेळ) धरून शेवटचा स्कोअर. २०१९ ची फायनल ओव्हरटाइममध्ये गेली होती, व्हर्जिनिया ८५, टेक्सस टेक ७७, नियम लिहिलेला नसता तर चाळीस मिनिटांच्या स्कोअरवर हक्क सांगणारं कोणीतरी निघालंच असतं. दुसरं, मॅच झालीच नाही तर? २०२१ ला व्हीसीयू आणि ओरेगन यांची पहिल्या फेरीची मॅच कोव्हिडमुळे काही तास आधी रद्द झाली, ओरेगन न खेळताच पुढे गेली. स्कोअरच नाही तर बॉक्स कुठला? माझ्या नियमात तेव्हा हे नव्हतं, ग्रुपमध्ये विचारून ते दहा डॉलर फायनलला जोडले, आता तो नियमच आहे. आणि तिसरं, स्पर्धाच रद्द झाली तर. १२ मार्च २०२० ला ती रद्द झाली तेव्हा माझ्याकडे सत्तर बॉक्सचे पैसे आलेले होते. प्रत्येकाचे पैसे नावाच्या पाकिटात वेगळे ठेवायची सवय होती म्हणून दोन दिवसांत सगळे परत गेले. ती सवय तुम्ही पण लावून घ्या, खेळाचे पैसे आणि घरचे पैसे एका खात्यात कधीच मिसळू नका.

आता मॅच बघताना काय होतं ते एकदा जवळून सांगतो, म्हणजे बास्केटबॉल न बघितलेल्या माणसाला पण यात जीव का अडकतो ते कळेल. २०१९ ची सेमीफायनल, ऑबर्न ६२, व्हर्जिनिया ६०, घड्याळात ०.६ सेकंद. व्हर्जिनियाच्या काइल गायला तीन पॉइंटचा शॉट मारताना फाउल झाला, म्हणजे तीन फ्री थ्रो (एकेका पॉइंटचे मोकळे शॉट). या क्षणी स्क्वेअर्समध्ये २-० वाला बसलाय, त्याला वाटतंय पैसे आपलेच. पहिला थ्रो आत, ६२-६१, आता २-१ वाल्याची आशा. दुसरा आत, ६२-६२, आता ओव्हरटाइमला गेली तर कोणाचंही काहीही. तिसरा आत, व्हर्जिनिया ६३, ऑबर्न ६२. बॉक्स लागला ३-२, आणि त्याचा मालक पाच मिनिटांपूर्वी टीव्ही सोडून मुलाला झोपवायला गेला होता. एक सेकंदभर खेळ सरकला नाही आणि हक्कदार तीन वेळा बदलला. एरवी पण शेवटच्या दोन मिनिटांत मागे असलेली टीम मुद्दाम फाउल करत राहते, फ्री थ्रो पडत राहतात आणि आकडे फिरत राहतात. पंधराने हरणारी टीम शेवटच्या सेकंदाला एक बास्केट टाकते, मैदानावर त्याला काही अर्थ नसतो, पण आपल्या तक्त्यावर पैसे एका घरातून दुसऱ्या घरात जातात.

हिशोबासाठी एक शीट करा, एका ओळीत एक मॅच, दोन्ही स्कोअर, दोन्हीचे शेवटचे आकडे (दहाने भागून उरलेली बाकी देणारं फंक्शन वापरा, हाताने नको), बॉक्सचा मालक, रक्कम, दिले की नाही. शीट सगळ्यांना बघता आली पाहिजे, बदलता फक्त तुम्हाला. स्कोअर मॅच संपल्यावर पाच-दहा मिनिटांनी भरा, शेवटच्या शॉटचा रिव्ह्यू चालू असतो कधीकधी. गुरुवारी आणि शुक्रवारी १६-१६ मॅचेस असतात, दुपारी बाराच्या सुमारास सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत, तेवढे दोन दिवस धावपळ आहे, पुढे काही नाही.

बॉक्स विकायला फेब्रुवारीच्या शेवटीच सुरुवात करा. टीम ठरायची वाट बघायची गरजच नाही, सिलेक्शन संडेला टीम जाहीर होतात तोपर्यंत सत्तर-ऐंशी गेलेले असले पाहिजेत. पैसे आल्याशिवाय नाव लिहायचं नाही, ‘लिहून ठेव, देतो उद्या’ याला प्रेमाने नाही म्हणा. माझी मुलगी शाळेच्या टीममध्ये खेळते, तिच्या हट्टाने आम्ही आता महिलांच्या स्पर्धेचा पण वेगळा तक्ता काढतो, तिथेही ६८ टीम आहेत आणि हाच हिशोब जसाच्या तसा लागतो. २०२४ ला महिलांची फायनल इथे पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी बघितली होती, साउथ कॅरोलायना ८७, आयोवा ७५, त्या वर्षी आमचा तो तक्ता आधी भरला.

एक शेवटचं, आणि हे मनापासून. भारतातून आलेले एक काका तक्ता बघून म्हणाले होते, ‘अरे हे तर ओपन-क्लोजच झालं, मटका!’ आकड्यापुरतं ते म्हणाले ते बरोबर आहे. फरक एवढाच की मटक्यात मधे बसलेला माणूस कमावतो आणि इथे मधल्या माणसाने एक पैसाही ठेवायचा नाही, जितके आले तितके सगळे परत गेले पाहिजेत. हा फरक कायद्यातही महत्त्वाचा आहे, अमेरिकेत अशा खेळाचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत आणि चालवणाऱ्याने कमिशन घेतलं की बऱ्याच ठिकाणी प्रकरण वेगळं होतं. तुमच्या राज्याचा नियम वाचा, एचआरला आधी एक मेल टाकून उत्तर लेखी घ्या. काही लोक म्हणतील अर्धे पैसे चांगल्या कामाला देऊ, भावना चांगलीच आहे, पण त्याला अनेक राज्यांत परवाना लागतो, तेव्हा विचारल्याशिवाय नको. जिंकलेले पैसे टॅक्सच्या दृष्टीने उत्पन्न धरतात हे पण एका ओळीत लिहून टाका. आणि अठराच्या आतल्या मुलांच्या नावाने बॉक्स नको, चिठ्ठ्या उचलायला हवे तितके बसू देत.

फायनल सोमवारी रात्री असते, पूर्वेकडच्या वेळेने संपायला अकरा वाजून जातात. त्या रात्रीच शीटची बेरीज लावून बघा, आलेले आणि गेलेले जुळले की फोटो काढून ग्रुपवर टाका, आणि मंगळवारी सकाळी पाकीट घेऊन स्वतः त्या माणसाच्या टेबलापाशी जा.